ओक्तावदादाचे व्होल्ट

२ फेब्रुवारी
ओक्तावदादाला जाऊन आज तीस दिवस. त्याचा कॉम्प्युटर खिडकीपाशी आहे. खिडकीत आईने पाण्याचा ग्लास ठेवलाय. चाळीस दिवस आत्मा घरी पाणी प्यायला येतो म्हणे. मी मानत नाही. तरी पट्टी लावून पाहिली. कालपेक्षा चार मिलिमीटर कमी. कॉम्प्युटरच्या गरम हवेमुळे.

३ फेब्रुवारी
चाळिसाव्याला दान. इथे जे द्यावं, ते तिकडे त्याला जसंच्या तसं मिळतं. कॉम्प्युटर समोरच्या पोम्पिलिउकाकांच्या नातीला, मिरूनाला जाणार. दादाने प्रोसेसरचा वेग ३.६ वरून ४.८ गिगाहर्ट्झवर नेला होता. ते सेटिंग त्याच्या नावाने मदरबोर्डात साठवलेलं आहे. ठरवलं, देण्याआधी ५.० करायचा. आत्म्यावर विश्वास नाही, पण वस्तू चांगल्या अवस्थेत द्यावी.
त्या वेगासाठी दादाने किती व्होल्ट दिले होते ते उतरवून घेतलं नाही. त्याच्या पुढेच तर जायचंय.

५ फेब्रुवारी
आधी माझ्या लॅपटॉपवर सराव. व्होल्टेज जरासं कमी केलं. गोठला. लॅपटॉपचे प्रोसेसर मुळातच नाजूक.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
४.९. दोन मिनिटं टिकला. पंखा थेट दादाच्या वेळेसारखा किंचाळला. दार उघडलं तर बाहेर आई. विचारलं, आवाजाचा त्रास होतो का. म्हणाली, नाही रे, ऐकत होते, ओक्ताव कामावरून आल्यासारखा वाटला.
त्यानंतर पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटत राहिलं. खुर्ची भिंतीला लावली.

९ फेब्रुवारी
डॅन्यूब नदीवरून उणे आठचा वारा. खिडकी सताड उघडली. फुकटची थंडी. काका म्हणाले, तुझा भाऊ एक आकडा बदलायचा आणि तीन दिवस थांबायचा, तू तीन आकडे बदलतोस आणि मला विचारतोस का बंद पडलं. काका निवृत्त वायरमन. नव्या गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेरच्या.

१० फेब्रुवारी, दुपारी
५.०. व्होल्टेज १.४५. चाचणी लावून चाळिसाव्याचे गहू आणायला गेलो. आलो तर खिडकी बंद, स्क्रीन काळी. आई म्हणाली, वाऱ्याच्या झोताने माणूस आडवा होतो, या घरातून एक गेला तेवढा पुरे.
कॉम्प्युटर सुरू होत नाही. आईला बोललो नाही.

११ फेब्रुवारी
पुस्तिकेचं पान १४ तीनदा वाचलं. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं काढावी. सहा मिनिटं काढली. सुरू झाला, ३.६ वर. मग पान १५ वाचलं. साठवलेली सर्व सेटिंग्ज पुसली जातात.
सेटिंग्जच्या यादीत ओक्ताव हे नाव नाही.
काळजी नाही. व्होल्टचा आकडा शोधून काढता येतो. दुपारपर्यंत सतरा प्रयत्न. सतराही वेळा बंद.

१२ फेब्रुवारी
चाळिसावा. मेणबत्त्या, प्रार्थना, गोड गहू. काकांच्या घरी मिरूनाने कॉम्प्युटर सुरू केला. म्हणाली, किती शांत आहे. काका माझ्याकडे बघत राहिले. आईने विचारलं, त्याचा होता तसाच दिलास ना. म्हटलं, अगदी तसाच, फक्त धूळ झटकली.
आई बराच वेळ कान देऊन उभी होती.
घरी येऊन तिने ग्लास ओतला, धुतला, कपाटात ठेवला. ती काकांकडे रिकामे डबे आणायला गेल्यावर मी तो काढून काठोकाठ भरला आणि खिडकीत ठेवला. शेजारी ही वही उघडी ठेवतो आहे, पेन्सिलही. दादाने फक्त व्होल्टेज लिहावं. बाकीचं मी बघतो.