चिमीसाठी बाई

७ जानेवारी, मंगळवार

आज तीन बाया 'बघून झाल्या'. तोंडाची चवच गेली.

बघून झाल्या — हा शब्द माझा नाही, जावईबापूंचा. चिमी सात महिन्यांची झाली, हर्षलाची रजा संपली. आता नातीला सांभाळायला रात्रंदिवस घरात राहणारी बाई हवी. "अण्णा, घरात मोठं माणूस असलं की बरं दिसतं," असं म्हणून माझ्या लेकीने मला कडावहून उचललं आणि पवईत एकोणिसाव्या मजल्यावर आणून ठेवलं. आमची ही काही आली नाही. म्हणाली, "तुमीच जा. म्हशींना टाकून मी त्या टांगलेल्या घरात नाय यायची." शहाणी!

एजन्सीवाली बाई आली होती. नखं रंगवलेली, हातात पाटीएवढा मोबाइल. सोफ्यावर ती, हर्षला आणि जावई रूपेश. कामाला आलेली बाई समोर उभी. बस म्हणून कुणी म्हटलं नाही. "नखं दाखव. वळ. केस सोड बघू — उवा नाहीत ना?" एकीला बाळ कसं घेतेस ते दाखव म्हणाली, आणि हातात बाळ म्हणून दिलं काय, तर सोफ्यावरची उशी! ती बिचारी उशीला थोपटायला लागली. रूपेश हसला.

मग जावईबापू विचारतात, "नाही पटली तर बदलून मिळते ना?"

"मिळते ना, सर. फ्री."

मिक्सर आहे का रे!

जन्मभर म्हशी घेतल्या, विकल्या. दात बघितले, कास बघितली, अंगावरचा भोवरा बघितला. पण आधी पाठीवर हात फिरवतो आम्ही. पेंडीचा गोळा पुढे करतो. इथे पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेवटी मीच उठून पाणी आणलं. तर एजन्सीवाली म्हणते कशी — "काका, सवय लावू नका."

९ जानेवारी, गुरुवार

आणखी दोन. त्यातली एक नापास. कारण? चहा मागितला!

११ जानेवारी, शनिवार

ठरली एकदाची. शेवंती नाव. विशी ओलांडलेली असेल नसेल. अंगाने काडी, डोळे मोठे.

"मुलंबाळं?" हर्षलाने विचारलं. शेवंतीने तोंड उघडायच्या आत एजन्सीवाली बोलून मोकळी — "नाहीत, मॅडम. नवरा कामावर पडला, कंबर धरून घरी बसलाय. मूल नाही, म्हणजे घरची ओढ नाही. सुट्ट्या मागणार नाही."

घरची ओढ नाही! हा गुण म्हणून सांगतात!

"नाय," शेवंती खाली बघत म्हणाली. ते 'नाय' ऐकून माझे कान उभे राहिले. "कुठची गं तू?"

"पोशीरची."

अरे, म्हणजे आपल्या नेरळच्या अंगाची की! परमुलखात गाववाला भेटावा तसं झालं मला. या वर्षी भात कसं झालं, आमचा दुधाचा टेंपो तिकडून जातो, असं काय काय विचारायला लागलो. हर्षलाने डोळे मोठे केले.

संध्याकाळपर्यंत तिच्या अंगात गुलाबी डगला चढला. वेगळा कप, वेगळं ताट, नोकरांची वेगळी लिफ्ट. चिमीच्या खोलीत भिंतीवर टिकलीएवढा कॅमेरा, दुसरा हॉलमध्ये. हर्षला ऑफिसात बसून मोबाइलवर बघणार. जेवण सगळ्यांचं आटोपल्यावर. "शिळं चालतं तिला," म्हणे. विचारलं होतं का कुणी?

आणि ही माझी पोर. गोठ्यात शेणामुतात रांगलेली. हिला आता माणसाचा विटाळ!

१३ जानेवारी, सोमवार

आज पौर्णिमा. म्हसाची जत्रा भरली असेल. बैलांच्या घंटा, घोंगड्यांचे ढीग, उपरण्याखाली बोटं दाबून भाव करणारे दलाल. आणि मी इथे काचेच्या खिडकीशी. असो.

लिहायचं ते वेगळंच.

दुपारी चिमी रडत उठली. शेवंती बाटली घेऊन धावली आणि मध्येच थबकली. दोन्ही हात छातीशी आवळून धरले. तरी डगल्यावर ओलं उमटलंच.

मी मान फिरवली. बापाच्या वयाचा माणूस, कुठे बघणार? पण दिसलं ते दिसलं. गोठ्यात हे काय कमी वेळा बघितलंय! पारडू हंबरलं की दावणीच्या पार टोकाची म्हैससुद्धा पान्हावते. मग पारडू कुणाचं का असेना.

पोर आहे हिला. अंगावर पिणारं.

१४ जानेवारी, मंगळवार — संक्रांत

तिळगूळ द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. तिथे कॅमेरा नाही.

"पोर कोणापाशी ठेवलंस गं?"

हातातली वडी खाली पडली. आधी नाय नाय म्हणाली. मग ओढणी तोंडात कोंबून — "सासूपाशी. पाच म्हयन्यांचा हाय. पाया पडते बाबा, कुटं बोलू नका. त्या बाईनं सांगितलंय, पोर हाय म्हनालीस तर तुला कोन ठेवनार नाय."

"आणि दूध?"

"मोरीत पिळते. नायतर लय ठनकतं."

मोरीत! तिकडे पोशीरला ते लेकरू तांदळाची पेज चाटतंय, आणि त्याच्या वाटणीचं दूध पवईच्या गटारात चाललंय. आणि त्याच घरात आमची चिमी डब्यातली पावडर पिते! कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. सणाचा दिवस, पण हातातली वडी तशीच डब्यात परत ठेवली.

१५ जानेवारी, बुधवार

मी गाढव आहे.

वाटलं, हर्षला आपल्या पोटची पोर, स्वतः आई झालीय, विरघळेल. सकाळी चहा घेताना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, त्या पोरालाही इथेच आणू दे. दोघं खेळतील एकत्र. एवढी मोठी जागा, एक खोली तर नुसती चपलांना आहे!

"म्हणजे खोटं बोलली ती!" — हे लेकीचं पहिलं वाक्य. मग सुरूच झाली. दोन बाळं कशी सांभाळणार, त्याला काही आजार असेल तर, तो रात्री रडला तर. आजच काढते म्हणाली. चांगलं करायला गेलो आणि त्या पोरीच्या पोटावर पाय दिला. मग लागलो विनवण्या करायला. बापाने लेकीच्या!

तेवढ्यात रूपेशने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "अगं, त्याला गोळी असते. दूध बंद होतं." हर्षलाची मैत्रीण डॉक्टर आहे, तिला फोन. गोळी मागवली. माझा चहा निवायच्या आत ती दारात हजर! दोघांचे चेहरे असे खुलले, जशी नळाची गळती सापडली.

"घे गं, त्रास कमी होईल," म्हणत हर्षलाने गोळी शेवंतीच्या तळहातावर ठेवली. वर पाण्याचा पेला. या घरात तिला कुणी आपणहून दिलेला तो पहिला पेला.

आमच्याकडे म्हैस आपल्या आपण आटते. आम्ही वाट बघतो. पारडू दाव्याला असताना तिला औषध घालून भाकड करणारा गवळी मी तरी बघितला नाही. हे शिकलेले लोक!

शेवंतीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि आत निघून गेली.

१६ जानेवारी, गुरुवार

गोळी तिने गिळलीच नव्हती! गालात धरली आणि मोरीत थुंकली. आज केर काढताना हळूच सांगितलं. "बाबा, मी घरी जाईन तवा त्याला काय देऊ मग?"

बरं केलंस, माझे बाय.

चिमी दोन-तीन दिवस शांत आहे. किरकिर नाही, दुपारची झोपही गाढ. शेवंती मात्र भरलेल्या बाटल्या सिंकमध्ये ओतताना दिसते. मला जेवढं कळलं तेवढं पुरे. विचारलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

दात येताहेत म्हणून चिमी दुपारी आकांत करत होती. बाटली तोंडाला लावली की ढकलायची. शेवंती रोज तिला स्वयंपाकघरात न्यायची. आज पोर तिथपर्यंत थांबेना. तिथेच खोलीत, भिंतीकडे तोंड करून शेवंती खाली बसली आणि ओढणी ओढून घेतली. एकदम सगळं गप्प! नुसता चुटूचुटू आवाज. मी हॉलमधून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, या घरात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

तासाभरात हर्षला दारात. पायात चपला तशाच. मोबाइलवर बघितलं होतं तिने.

"शी! घाण! लाज नाही वाटली?" चिमीला ओढून घेतलं आणि ओल्या कागदाने तिचं तोंड पुसायला लागली. जीभसुद्धा पुसली. पोर कळवळून रडतेय आणि ही पुसतेय, पुसतेय!

शेवंती हात जोडून उभी. "ताई, भूक लागलेली तिला. म्हनून. मला नाय बगवलं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "हर्षे, म्हशीचं चालतं, गाईचं चालतं, डब्यातलं कुठल्या देशाचं ते चालतं. बाईचं दूध घाण?"

"अण्णा, तुम्हाला काही कळत नाही. काय काय रोग असतात!"

"काल तिच्याच हातचा भात भरवलास ना पोरीला?"

रूपेशचा एजन्सीला फोन चालू — "हो, बदलूनच द्या." पलीकडून आवाज आला — "सॉरी, सर. उद्या सकाळी दुसरी पाठवते." झालं! भांडं फुटलं, दुसरं आणलं.

मग जावईबापू मऊ आवाजात मला म्हणतात, "अण्णा, तुम्हालाही इथे करमत नाही. काही दिवस गावी जाऊन या ना."

पिशवी भरायला मला वेळ लागत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

पुतण्याचा टेंपो घाटकोपरला दूध टाकून रिकामा परततो. त्यातच शेवंतीला बसवली आणि मीही बसलो. पनवेल मागे पडल्यावर शेवंती म्हणाली — "चिमीला आज कोन घेईल?"

पोशीरला घर साधंच. नवरा शुक्रा खाटेवर, कंबरेला पट्टा. सासूने दारातूनच तोंड सोडलं — "आली गं बया, पवईची मॅडम! आनि हे कोन? साहेब घेऊन आलीस का काय?"

"साहेब नाय, गवळी हाय मी, कडावचा," म्हटलं. म्हातारी हसली. दात नव्हता एकही.

पोराने आईला ओळखलंच नाही! घेतलं तर भोकाड पसरलं, आजीकडे झेपावलं. शेवंती पांढरी पडली. मी शुक्राशी भाताचं, पावसाचं काहीबाही बोलत पाठ करून बसलो. बराच वेळ रडणं चाललं. मग कमी झालं. मग थांबलं.

म्हातारी आतून ओरडली, "धरलं गं, धरलं मेल्यानं!"

डोळे पुसायला टॉवेल सापडेना.

२३ जानेवारी, गुरुवार

लेकीचा फोन हिला आला, मला नाही. नवीन बाई आलीय. चिमी बाटलीला तोंड लावत नाही. बाटल्या बदलल्या, पावडर बदलली, डॉक्टर झाले. वाटी-चमच्याने कसंबसं पोटात जातं.

ही माझ्याकडे बघून म्हणाली, "बगा. आता कोन बदलून मिळतं ते!"

हसू आलं नाही. ती नात आहे माझी.

२६ जानेवारी, रविवार

दुधाची किटली द्यायला पोशीरला गेलो होतो. ओटीवर बसलो तोच फोन. हर्षला. रडत होती. "अण्णा, चिमी फार उतरली हो. एजन्सीवाली पत्ता देत नाही. ती शेवंती पोशीरला नक्की कुठे राहते, ठाऊक आहे का तुम्हाला? तिचं बाळही घेऊन येऊ दे. वेगळी खोली देते. तुम्ही म्हणाल तसं."

माझी पोर, कधी नाही ती अशी रडत होती. पण चिमीने बाटली धरली, की दुसऱ्या दिवशी ही पुन्हा बदलून मागणार.

"नाही," म्हणालो. "मला काय ठाऊक ती कुठे राहते."

शेवंती समोरच बसली होती, पोर पदराखाली. "कोनाचा फोन, बाबा? चिमी बरी हाय ना?"

बरी हाय, म्हणालो.