अस्वलाच्या शेजारी पेंग्विन

प्रिय आबा,

तुमचं वर्षश्राद्ध परवावर आलं. फ्रेम करायला एखादा बरा फोटो सापडतो का म्हणून आज पत्र्याची पेटी उपसली. फोटो नाही सापडला. ते प्रमाणपत्र सापडलं, आणि मी तिथेच जमिनीवर बसले. म्हणून हे पत्र.

आठवतं ना? माणिकपूरच्या सायबर कॅफेतलं! मला सातवीला ध्रुव प्रदेश शिकवायचा होता आणि आमच्या नालासोपाऱ्याच्या शाळेत नुकतेच चार कॉम्प्युटर आले होते. इंटरनेटवर ध्रुवांचा एक खेळ मिळाला, तो मुलांना द्यायच्या आधी आपण खेळून बघावा म्हणून मी शनिवारी कॅफेत निघाले. आई गेल्यापासून तुम्ही घरात नुसते बसून असायचात, म्हणून तुम्हालाही ओढलं. "मी काय करू तिथं?" म्हणालात, आणि धुतलेला सदरा घालून माझ्याआधी रिक्षात जाऊन बसलात!

खेळातल्या माणसाला आधी ध्रुवावर जाण्याचे कपडे चढवायचे होते. तुम्ही गमबूट शोधलेत, मग खांद्यावर टाकायला गोणपाट. ते काही यादीत नव्हतं. "यानं जल्मात बर्फ उचलला नाय," हा तुमचा निकाल! बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं लाद्या ओढलेल्या माणसाला कोण काय शिकवणार? समुद्राचं पाणी लवकर का गोठत नाही, हा प्रश्न मी मराठीत सांगून संपवते तोच तुम्ही ओरडलात, "मीठ! मिठाच्या पान्यात डबे सोडूनच तर आमी बर्फ करायचो!" आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. मला तेव्हा तुमची लाज वाटली, आबा. आज कबूल करते.

मग आले प्राणी. एकेक उचलून नकाशावर आपापल्या ध्रुवाला नेऊन ठेवायचा. बर्फाने बधिर झालेल्या तुमच्या बोटांना माऊस काही बधत नव्हता, पण तुम्हीही सोडलं नाहीत. अस्वल, कोल्हा, वॉलरस, सगळे बरोबर. शेवटी राहिला पेंग्विन. तो तुम्ही थेट उत्तरेला, अस्वलाच्या शेजारी नेऊन ठेवलात. कॉम्प्युटर टुंग करून वाजला. तुम्ही पुन्हा तिथेच ठेवलात.

"आबा, पेंग्विन दक्षिणेला! किती वेळा सांगू?"

"तूच वाचलंस ना, अस्वल येकलाच हिंडतो म्हनून? आनि हे तिकडं हजारानी हायेत. येक इकडं दिला तर काय बिघडलं?"

"अहो, त्याला एकटं राहायची सवय असते."

"सवय झाली म्हनजे बरं वाटतं का, वीना?"

आणि मी काय केलं? आधी तुमचा उच्चार सुधारला. वीना नाही आबा, वीणा! विना म्हणजे शिवाय! लहानपणापासून कितीदा सुधारला असेल. मग तुमच्या हातातून माऊस काढून घेतला आणि पेंग्विन स्वतःच दक्षिणेला ढकलला. दहापैकी दहा. तुमच्या नावाचं प्रमाणपत्र छापूनही घेतलं. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाच्या नावाचा असा एक तरी कागद घरात असावा, एवढाच हट्ट होता हो माझा!

तुम्ही तो घडी घालून खिशात ठेवलात. पुढच्या शनिवारी पुन्हा कॅफेत चला म्हटलं तर म्हणालात, गुडघा दुखतो. दुखत नव्हता ना? त्याच दिवशी तुम्ही पार लांबच्या किल्ल्यापर्यंत चालत गेला होतात, शेजारच्या काकूंनी सांगितलं मला.

आज घडी उलगडली. तुमचं छापील नाव निळ्या पेनाने खोडलंय. वर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलंय, वीना. मी हलवलेल्या माऊसचं प्रमाणपत्र तुम्हाला नको होतं.

असं मुकाट्याने का खोडलंत? भांडायचं होतंत माझ्याशी! मी चिडले असते, रुसले असते, आणि मग आपण पुन्हा गेलो असतो कॅफेत.

आता शाळेतून येते, कुलूप काढते, चहा टाकते. अजून दोन कप होतो. लोक म्हणतात, होईल सवय. सवय होतेय, आबा, पण बरं नाही वाटत. तुम्हाला त्या अस्वलाची एवढी काळजी का, हे मला तेव्हा कळलंच नाही. तुमच्यामागे मला कोण, हाच घोर होता ना तुमच्या जिवाला?

सोमवारी सातवीचा ध्रुवांचा तास आहे. पेंग्विन दक्षिणेला, हे मी सांगणारच. परीक्षा आहे, त्यात तुमचं ऐकणार नाही. पण कुणाच्या हातातून माऊस काढून घेणार नाही. आणि येत्या शनिवारी माणिकपूरला जाईन, तुमचं नाव घालून खेळेन, पेंग्विन अस्वलाच्या शेजारी ठेवीन. वाजू दे त्याला वाजायचं तेवढं. दहापैकी नऊला प्रमाणपत्र मिळत नाही. नको मिळू दे.

तुमचीच,
वीना