भट्टीला घातलेला हार

अण्णा, उद्या दसरा. आईने सकाळीच विचारलं, "फुलं आणलीस का?" मी नाही म्हटलं आणि तुम्हाला लिहायला बसले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा घाई नाही.

अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्या व्हिलाच्या मागच्या खोलीत आपण राहायचो. तुम्ही तिथले मेन्टेनन्सवाले. निम्मा जन्म कोकणातल्या घामात गेलेला, आणि मालकाच्या, अरबाबच्या, म्हाताऱ्या आईला थंडी सोसत नाही म्हणून परदेशातून आणवलेली, घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस नेमकी तुमच्या गळ्यात पडली. तुम्ही तिला भट्टी म्हणायचात. थंडीच्या आधी फिल्टर साफ करायचा, बर्नर ब्रशने झाडायचा, मग एकदा पेटवून बघायची. "ज्योत निळी असली की भट्टी नीट श्वास घेत्येय," तुम्ही मला सांगायचात. "पिवळी झाली की ती गुदमरली. मग घरातली माणसंही गुदमरतात."

त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर पुजलेत आणि भट्टीलाही कुंकू लावून झेंडूचा हार घातलात. तिच्यावरही आपलं पोट आहे, तिला कसं वगळायचं, असं तुमचं म्हणणं. दसऱ्याच्या दुपारी हार तसाच ठेवून तुम्ही ती पेटवता. मी दारात उभी आहे. ज्योत निळी होते, आणि थोड्या वेळाने पिवळी. तुम्ही गॅस बंद करता, मला खिडक्या उघडायला सांगता आणि वरच्या खोलीत झोपलेल्या म्हातारीला हाताला धरून अंगणात आणता. परत येऊन बघता तर हार हवेच्या जाळीला चिकटलेला, पाकळ्या आत ओढल्या गेलेल्या.

आपल्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, "काही झालं नाही ना? मग सांगायची काय गरज? नोकरी गेली की व्हिसा गेला, पोरीची शाळा गेली." तुम्ही तो हार हातात घेऊन अरबाबसमोर जाऊन उभे राहिलात. मला तुमचा भयंकर राग आला होता. हरिश्चंद्र व्हायचं तर एकट्याने व्हावं, बायकापोरांना कशाला ओढावं?

"गलती मेरा है, साब. पूजा का फूल मशीन में गया."

अरबाबने हार हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. अंगणातून म्हातारी चहा मागत होती.

"खलास," तो म्हणाला, म्हणजे झालं, विषय संपला. "पूजा करो, मुश्किल नहीं. हवा का रस्ता खुला छोडो."

पुढच्या वर्षापासून हार हत्यारांच्या पेटीला गेला, भट्टीला नुसतं कुंकू.

आता आम्ही दुबईत, सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतो. हीटर विजेचा आहे, कपाटातून काढून पुसला की झालं. मी त्याला कुंकू लावते, तेव्हा मुलगा म्हणतो, "आई, इट्स जस्ट अ हीटर." हार मात्र माझी आई तुमच्या फोटोसाठी मागते. दर सणाला मी तिला सांगते, ताजी फुलं मिळाली नाहीत. खालच्या दुकानात झेंडूचा ढीग असतो. फोटो लहान आहे, अण्णा. हार घातला की तो तुमच्या नाकातोंडावर येतो, आणि मला ते बघवत नाही.