भाजी मीच शिजवली होती

मी, कांता सदाशिव दुर्गे, वय ६४, धंदा खानावळ, राहणार अहेरी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाविना ही माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. डोळे अधू झाले आहेत, डोके नाही.

१. माझे दोन खोल्यांचे कौलारू घर मुलगी माधवी हिला द्यावे. त्यावर कुणाचाही बोजा नाही.

२. खानावळ व तिची सर्व भांडी बुधरी हिला. ती माझ्या रक्ताची नाही, म्हणून कारण लिहिते.

१९९७ साली मी एका निवासी शाळेत स्वयंपाकीण होते. एके दिवशी ठेकेदाराने आणलेल्या तेलाला उग्र वास आला. मी अधीक्षकांना सांगितले. ते म्हणाले, "आज चालवून घे." मी चालवून घेतले, भाजी त्याच तेलात केली. सायंकाळपर्यंत एकेचाळीस मुली ओकू लागल्या. बुधरी त्यांतली, ती वाचली. तिची मैत्रीण सोमारी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी तयार जबाब पुढे केला: मुलींनी जंगलातली फळे खाल्ली. सही केली असती तर नोकरी राहिली असती. मी केली नाही. उरलेले तेल झाकण लावून डॉक्टरांच्या हाती दिले. त्यात फवारणीचे विष निघाले. माझे काम गेले. मग ही खानावळ काढली.

पालकांनी भरपाईचा दावा लावला. ठेकेदाराच्या वकिलाने मला विचारले, "वास येत होता, तर शिजवली कशाला?"

मी म्हणाले, "नोकरी जाईन म्हणून भेली, सायेब. भाजी मीच शिजवली. पण पोरींनी फळं नाई खाल्ली."

बाहेर सोमारीचे वडील इसरू उभे होते. मला वाटले, मारतील. ते म्हणाले, "बाई, माही पोरगी चटोर नव्हती. आज कागदावर आलं."

सात वर्षांनी दावा पालकांच्या बाजूने लागला. माझी साक्ष विश्वासार्ह आहे, असे न्यायाधीशांनी लिहिले. एवढा मान मला कुणी दिला नव्हता. बुधरी त्याच वर्षी माझ्याकडे आली आणि माझ्याहून बरी स्वयंपाकीण झाली.

३. भाऊ रामाजी याला काही नाही. तो तेव्हा म्हणाला होता, "जंगलातल्या पोरींसाठी आपल्या पोटावर पाय काऊन मारून घेतं?" तेव्हापासून आम्ही बोललो नाही. त्याची मला खंत नाही.

४. निकालाची नक्कल दोघी मुलींची. भांडू नये. खानावळीत गिऱ्हाइकांना वाचता येईल अशी लावावी.

५. माझ्या मयतीनंतरचे जेवण बाहेरून मागवू नये. बुधरीने शिजवावे, आधी स्वतः खावे, मग पंगत बसवावी. ते अधीक्षक आले, तर त्यांनाही वाढावे. पोटभर वाढावे, आणि समोर बसून वाढावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

कांता सदाशिव दुर्गे

साक्षीदार:
१. हाफिज रहीम शेख, शिलाईकाम, अहेरी
२. कमला तुळशीराम झाडे, निवृत्त परिचारिका, अहेरी

अहेरी, दि. १४ नोव्हेंबर २००८