अडकलेला व्हॅलीन

३ डिसेंबर
ती. ताईस, शि. सा. न.
तुझ्या प्रयोगशाळेतल्या जंतूंची खुशाली कळली, आता माझी ऐक. संमेलनात शिक्षकांनी पेशीवर नाटक करायचं ठरलंय आणि मी जीवशास्त्र शिकवते म्हणून ते माझ्या गळ्यात आलंय. जमलं तर नोकरी कायम, असं मुख्याध्यापक सुचवून गेले. मी ट्रान्सफर आरएनए आहे. प्रथिनं बनतात तिथे मी माझं ठरलेलं अमिनो आम्ल पोचवायचं. माझं म्हणजे आयसोल्युसिन, आमचे गणिताचे आडदांड सर. त्यांना माझ्याशी दोरीने बांधणारं विकर, म्हणजे एन्झाइम, खुद्द मुख्याध्यापक. पण यात गंमत कुठेय? काहीतरी सुचव.
माया असू दे, उपदेश बेताचा.
छोटी

९ डिसेंबर
चि. छोटीस, अ. उ. आ.
गंमत पेशीतच आहे. व्हॅलीन म्हणून एक अमिनो आम्ल असतं, दिसायला थेट आयसोल्युसिन, फक्त अंगाने बारीक. ते कधीमधी विकराला फसवून बांधून घेतं. म्हणून विकराजवळ आणखी एक अरुंद खोली असते. खरं आयसोल्युसिन तिच्यात मावत नाही. लबाड व्हॅलीन मावतं आणि तिथेच दोरी कापून त्याची हकालपट्टी होते. तेव्हा एखादा काटकुळा शोध. तुझे भावजी तयार आहेत, पण ते आपल्या दारातूनही तिरके येतात.
जेवणाची आबाळ करू नकोस, म्हणजे माझा लोभ टिकेल.
ताई

२२ डिसेंबर
ती. ताईस, शि. सा. न.
फजिती ऐक. व्हॅलीन झाले चित्रकलेचे सर. तालमीत साबणासारखे आत सटकायचे. काल मात्र मला बांधलेले असतानाच पुठ्ठ्याच्या दारात कमरेशी अडकले. मुख्याध्यापकांनी ढकललं, पीटीच्या सरांनी ओढलं, शेवटी अख्खी पेशी आडवी झाली. दोरी कापायची कात्री तिच्याखाली. मग काय, मी व्हॅलीनलाच ओढत प्रथिनापर्यंत नेलं. पेशीचीही चूक होते, असं मुख्याध्यापकांनी सभागृहाला गंभीरपणे सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. नोकरी कायम झाली.
पडद्यामागे गाठ सोडवताना चित्रकलेचे सर घामाघूम. हळूच म्हणाले, "आत तीन स्वेटर आहेत. तुमच्यापासून सुटायचं नव्हतं."
मला इतकंच सुचलं, "उकडत नाही का?"
रविवारी ते चहाला येताहेत. कोण, असं आईने विचारलं आणि माझ्या तोंडून व्हॅलीन निघून गेलं. आता ती त्यांचं घराणं विचारतेय. काय सांगू?
रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस.
छोटी

२७ डिसेंबर
चि. छोटीस, अ. उ. आ.
आईला सांग, घराणं अमिनो आम्लांचं, आपल्याहून फार जुनं. बाकी शास्त्र एवढंच म्हणतं, की चुकीचं अमिनो आम्ल बसलं तर प्रथिन बऱ्याचदा बिघडतं, पण कधीकधी छान चालूनही जातं. चहा झाला की कळव.
तुम्हा दोघांवर लोभ करणारी,
ताई