कोरगावच्या काजूबागेतील बस आणि एक फूट जागा

मंगळवार, ४ मार्च २०२५. सकाळी पेज केली, भांडे घासले. गाडी हलवायची म्हणून तुळशीचा डबा उचलायला गेलो, तो उचलला गेला नाही. दुपारी जेवलो नाही. आता चार वाजले आहेत आणि हे लिहायला बसलो आहे.

मी, परशुराम बाबली शेटकर, वय सदुसष्ट, मुरगाव बंदरातील निवृत्त क्रेनचालक, सध्या मुक्काम कोरगाव, तालुका पेडणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने करतो. माझे डोके ठिकाणावर आहे. शाळेची जुनी बस विकत घेतली तेव्हा ते होते का, यावर पेडण्यात अजून चर्चा होते. आजपुरते आहे.

१. मला मूलबाळ नाही. पत्नी सुशीला तीन महिन्यांपूर्वी वारली. घर नाही. एकतीस वर्षे बंदराच्या क्वार्टर्समध्ये काढली आणि निवृत्तीनंतर घर बांधण्याऐवजी या बसमध्ये दोन पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. बद्रीनाथपर्यंत जायचे ठरले होते. आंबोलीच्या घाटात इंजिन तापले आणि टोचन करून परत आलो. सुशीलेचा भाऊ अनंत परब याच्या काजूबागेत आठ दिवसांसाठी गाडी लावली. त्याला पाच वर्षे झाली.

२. माझी सर्व हत्यारे गॅरेजवाल्या गणेशला द्यावीत. टोचन त्यानेच केले आणि ती गोष्ट साऱ्या बाजाराला सांगितली. 'काका, ह्या घराक इंजिन कित्याक?' असे तो अजून विचारतो. जॅक आधीपासून त्याच्याकडेच आहे. तो परत मागू नये.

३. बस अनंतची सून श्रद्धा हिला द्यावी. ती म्हणते, 'मामा, रंगवली काय तेरेखोलचे टुरिस्ट येतीत रवाक.' टुरिस्ट पैसे देऊन इथे राहतील यावर माझा विश्वास नाही. छप्पर पुढच्या पलंगावर गळते. तो पलंग माझा होता.

४. या जमिनीवर माझा कसलाही हक्क नाही. मी मुंडकार नाही. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला पुढे हक्क मिळतो, ही धास्ती अनंतला पहिल्यापासून होती. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, 'भावोजी, गाडी रवांदे. पण म्हयन्याक एकदा हलवा. चाकां फिरली तर गाडी, नायतर घर.' तेव्हापासून दर एक तारखेला मी बस दोन हात पुढे घेई, पुढच्या महिन्यात दोन हात मागे. बद्रीनाथला निघालेल्या माणसाचा एवढाच प्रवास झाला.

इथे एक सांगितले पाहिजे. ही जमीन सुशीलेच्या वडिलांची. तिने आपला हिस्सा सही करून भावाला सोडला. सहीला तिला स्कूटरवरून मीच नेले. 'आपल्याला जमीन काय करायची, आपण तर फिरणार,' असे म्हणालो होतो. मूर्खपणा माझा. अनंतवर राग नाही. थोडा आहे.

५. तुळस. अनंतने बहिणीलाही बजावले होते, 'बाये, तुळस जमनीत घालू नको. दारात तुळस इली काय घर झाला.' म्हणून सुशीलेने ती तेलाच्या डब्यात लावली. गाडी हलवायच्या दिवशी डबा उचलून पायरीवर ठेवी आणि भावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, 'चला, मुंडकारीण निघाली.' ती आजारी पडली आणि डबाही तिथेच राहिला, गाडीही.

आज पाहिले तर डब्याचा तळ गंजून गेला आहे आणि मूळ खाली जमिनीत उतरले आहे. गाडीने मूळ धरू नये म्हणून मी पाच वर्षे जपलो. डब्याकडे लक्ष दिले नाही. दोन्ही हातांनी ओढत होतो, तेवढ्यात अनंत काजूची पडलेली फळे, बोंडू, वेचायला आला.

'भावोजी, वडू नकात.'

'अरे, तूच सांगितलेले ना?'

'ता मी गाडयेचा सांगलेलंय,' तो म्हणाला आणि टोपली घेऊन पुढे गेला.

तो बोलला, पण जमीन पुढे कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. म्हणून लिहून मागतो. डब्याखालची एक फूट लांब, एक फूट रुंद जागा तुळस जगेल तोवर तशीच ठेवावी. मृत्युपत्रात आपले दुसऱ्याला द्यायचे असते, दुसऱ्याचे मागायचे नसते, हे मला कळते. तोंडाने मागायला लाज वाटली. श्रद्धाने हे कलम मोठ्याने वाचू नये.

शेजारी किरण मांद्रेकर आणि विनोदिनी शिरोडकर यांना उद्या सकाळी साक्षीला बोलावले आहे. सही त्यांच्यासमोर करीन. खाली तिघांसाठी जागा सोडली आहे.

ठिकाण: कोरगाव

परशुराम बाबली शेटकर . . . . . . . . .
साक्षीदार १. . . . . . . . . .
साक्षीदार २. . . . . . . . . .

ता. क. सायंकाळी साडेपाच. गाडी चौथ्या खेपेला सुरू झाली. दोन हात मागे घेतली आणि चाकाला दगड लावला. डबा होता तिथेच आहे. सकाळी ओढताना माती सैल झाली होती, ती हाताने दाबली आणि तांब्याभर पाणी घातले.