काकूंच्या ठोकळ्यात काय बसवलं

तीर्थस्वरूप मामांना,

नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण हे पत्र मी ऑफिसच्या सामानाच्या खोलीत बसून लिहितोय आणि इथे खोक्यांच्या मधून माणूस उभा कसाबसा मावतो, आडवा मावत नाही. तेव्हा समोर आलो की घालीन. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून "आई गं" म्हणता, की आता नुसतं तोंड वाकडं करून भागतं? मामींना नमस्कार सांगा. त्यांनी "आता काय भानगड करून ठेवली?" असं विचारलं तर सांगा, झाली होती पण मिटली. (सगळी मिटलेली नाही. ते पुढे येईल. पत्र शेवटपर्यंत वाचा, तुम्हाला अर्ध्यातच फोन उचलायची सवय आहे.)

सगळ्यात आधी तुमचे आभार. आमच्या साहेबांकडे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, "पोरगं वांड आहे पण हाताचं चोख आहे" म्हणालात, ते साहेब अजून मला महिन्यातून एकदा ऐकवतात. वांड म्हणताना आवाज चढतो, चोख म्हणताना खोकला येतो. पण त्याहून मोठे उपकार म्हणजे दुकानात तुम्ही माझ्याकडून नुसती धूळ साफ करून घेतलीत. मी म्हणायचो, मामा, मला मदरबोर्ड शिकवा, आणि तुम्ही हातात ब्लोअर द्यायचात. तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही, मामी पण वाचतील. तर मामा, त्या धुळीनेच मला वाचवलं.

झालं काय, की आमचं हे पार्सलचं ऑफिस. बाहेर लोक रांगेत उभे राहून पार्सलं देतात, आत ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर तो बारका कॉम्प्युटर. जेवणाच्या डब्याएवढा चौकोनी ठोकळा असतो ना, स्क्रीनच्या मागे लपेल असा, तो. सगळे एकाच दिवशी आणलेले, एकाच चेहऱ्याचे. माझं काम म्हणजे वायरी लावणे, प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढणे, आणि "हे चालत नाही" असं कोणी म्हणालं की जाऊन बटण दाबणे. मधे कामं कमी होती म्हणून मी एकेक ठोकळा उघडून साफ करायला घेतला. (स्वतःहून. कोणी सांगितलं नव्हतं. हे मामींना जरा मोठ्याने वाचून दाखवा.)

पहिला घेतला नोंदणीच्या काकूंचा. या काकू ऑफिसात सगळ्यात जुन्या, या महिनाअखेरीला रिटायर होणार. दिवसभर पार्सलावरचे पत्ते टाइप करतात, आणि मशीन अडकलं की त्याला "चल रे बाळा" म्हणतात. मी ब्लोअर मारला, झाकण लावलं, चालू केलं. आता तुम्हाला माहितीये, धुळीने गरम होणारं मशीन साफ झालं की जरा पळतंच. काकू म्हणाल्या, अरे, हे काय केलंस? आणि मामा, माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्ही लहानपणापासून बघताय. मी खाली वाकलो, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणालो, काकू, कोणाला बोलू नका, आतला माल बदललाय. कंपनी जाहीर करत नाही. वरून तोच ठोकळा, आतून रॅम दुप्पट.

काकू कोणाला बोलल्या नाहीत. फक्त शेजारच्या नव्या मुलीला बोलल्या, आणि ती बाहेर पार्सलं घेणाऱ्या खिडकीवाल्याला बोलली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मलाच कोणीतरी बाजूला घेऊन ही बातमी सांगितली. वर आणि शपथ घातली.

मग जे सुरू झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. जो तो आपल्या ठोकळ्याला कान लावून बसला. कोणी म्हणे, बदललेल्याचा पंखा वाजत नाही. कोणी म्हणे, त्याचा दिवा जास्त निळा असतो. हिशेबनीस (हे आपल्या ठोकळ्यावर जेवणाचा डबा ठेवतात, दुपारपर्यंत गरम राहतो म्हणून) येऊन मला दरडावून गेले की ज्येष्ठतेने त्यांचा नंबर आधी लागायला हवा होता. मी म्हणालो, अहो, यादी वरून येते. वरून म्हणजे कुठून ते मलाही माहीत नव्हतं, पण ते लगेच आपल्या जागेवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी अफवेला शेपूट फुटलं: ज्यांचे ठोकळे बदलले त्यांना ठेवणार, ज्यांचे नाही त्यांना नारळ. आता मात्र मला जरा कसंसंच झालं. नवी मुलगी बाथरूममध्ये जाऊन रडून आली. तिचं मशीन तर सगळ्यात रडकं, तिच्याइतकंच.

मी खरं सांगणारच होतो. (तोंड वाकडं करू नका मामा, खरंच सांगणार होतो.) पण त्याआधी साहेबांनी नोटीस लावली की ऑफिसच्या कोणत्याही कॉम्प्युटरमध्ये कोणताही बदल केलेला नाही, कर्मचाऱ्यांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. झालं. तोपर्यंत जे चार शहाणे हसत होते त्यांचाही विश्वास बसला. काही नसतं तर नोटीस कशाला लावतील, असं खिडकीवाला म्हणाला, आणि क्षणभर मलाही ते पटलं.

आणि मग वजनकाका उठले. वजनकाका म्हणजे पार्सलं तोलणारे. जे काट्यावर चढत नाही ते जगात नाही, असं यांचं तत्त्वज्ञान. घरी भाजी आणली तरी आधी ऑफिसात येऊन तोलतात. ते म्हणाले, एवढी चर्चा कशाला? आत नवीन काही बसवलं असेल तर वजन वाढलं असेल. आणा इकडे. साफ केलेले ठोकळे आणले, न केलेले आणले, बारक्या पार्सलांच्या काट्यावर एकेक ठेवला. मी मागे उभा राहून मजा बघत होतो. आता मामा, तुम्ही हसाल, पण मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नाही की काय होणार आहे. मी साफ केलेला प्रत्येक ठोकळा हलका निघाला.

मग वजनकाका माझ्याकडे वळून म्हणाले, "बसवलं नाहीये. काढलंय."

कालपर्यंत जे जळत होते ते खूश, आणि जे मिरवत होते ते लुटले गेले. मला साहेबांसमोर उभं केलं. खिसे रिकामे कर म्हणाले. केले. निघाले काय, तर स्क्रू, आणि एका ठोकळ्याचा रबरी पाय. आता तुम्हीच सांगा, आपल्या धंद्यात कुठलंही मशीन उघडून बंद केलं की स्क्रू उरतात की नाही? तुमच्या दुकानात तर बरणी भरून आहेत. पण हे मी साहेबांना कुठल्या तोंडाने सांगणार? हिशेबनीस म्हणाले, आज स्क्रू, उद्या तिजोरी. साहेब ओरडले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. ते फक्त म्हणाले, "तुझ्या मामाला मी काय सांगू आता?" मामा, नोकरी गेली असती तर मी दुसरी बघितली असती. पण तुमचा शब्द माझ्यापायी फुकट जाणार, आणि तुम्ही ते मला कधीच बोलून दाखवणार नाही, याचंच मला जास्त लागलं. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प होतो, तर लोकांना वाटलं, बघा, कबूल केलं.

तेव्हा काकू उठल्या. चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या, "साहेब, माझं मशीन आता भुर्रकन चालतंय. चोर घरात शिरला आणि घर भरून गेला, असं कुठे ऐकलंय का तुम्ही?" साहेबांनी ऐकलं नव्हतं. काकू पुढे म्हणाल्या, "हलके सोडा हो. सगळ्यात जड कुणाचा आहे तो उघडा. बघू तरी एवढं काय आहे त्यात."

सगळ्यात जड हिशेबनिसांचा. ते म्हणाले, माझ्या मशीनला हात लावायचा नाही. त्यामुळे तर सगळ्यांनाच बघायचं होतं. टेबलावर पेपर पसरला आणि तुमचं नाव घेऊन मी झाकण काढलं. आत धुळीची गोधडी, मामा. घडी घालून ठेवता येईल अशी. तिच्यात स्टेपलरच्या पिना, एक शर्टाचं बटण आणि डब्यातून सांडलेलं कायकाय. वजनकाकांनी तो सगळा केर कागदावर घेतला, काट्यावर ठेवला, ठोकळा वेगळा ठेवला. साफ केलेल्यांपेक्षा तो ठोकळा जेवढा जड होता, तेवढाच केर भरला. मग त्यांनी पुढे येऊन माझ्याशी हात मिळवला. मी त्यांचेही आभार मानतो. ज्या काट्याने मला फासावर चढवलं त्यानेच खाली उतरवलं. हिशेबनिसांचेही मानतो. त्यांनी इतका केर साठवला नसता तर मी आज तुमच्या दारात असतो.

साहेबांनी विचारलं, म्हणजे तू आत काही बसवलेलं नाहीस? मी म्हणालो, साहेब, तुमची नोटीस शब्दन् शब्द खरी आहे. सगळे गालात हसले. काकूंनी तर मला डोळा मारला. एकदा तरी खरं बोललो, तर ही दशा. असो. नोकरी शाबूत, तुमचा शब्द शाबूत, आणि सगळे ठोकळे साफ करायचा हुकूम निघाला, स्क्रूंसकट.

जपून राहा, गुडघ्याला तेल लावा, आणि तुमच्यासारखा मामा मिळाला म्हणून मी रोज कोणाचे ना कोणाचे आभार मानतो असं समजा.

तुमचा वांड (आणि चोख) भाचा

ता. क. – तुमच्या काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये जुन्या रॅमच्या पट्ट्या पडून आहेत. त्यातली या ठोकळ्यात बसेल अशी एक पाठवाल का? लगेच हवीये.

ता. क. दुसरा – कशाला, ते सांगतो, नाहीतर फोन कराल. काल काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, बाळा, मी आता चालले, मला दुप्पट रॅम काय करायचीये? ती काढ आणि त्या शेजारच्या पोरीला लाव, बिचारीचं मशीन फार रडतं. माझ्यासमोर काढ, म्हणजे मधे कोणी गडबड करायला नको. आता ज्यांनी मला वाचवलं त्यांना मी कसं सांगू की काढायला आत काही नाहीच? तेव्हा आधी गुपचूप बसवायची, मग त्यांच्यासमोर काढायची, असा बेत आहे.

ता. क. तिसरा – रात्री विचार केला. पट्टी काढली की मशीन मंद झालं असं समजूनच काकू शेवटचे दिवस काढणार, तेही हसत. हे काही बरोबर नाही. तेव्हा मामा, एक नको, दोन पाठवा. एक त्यांच्यासमोर काढून पोरीच्या ठोकळ्यात लावतो. दुसरी, जरा मोठी बघून द्या, काकूंच्या जुन्या पट्टीच्या जागी राहू दे. त्यांना काही सांगणार नाही.